घरातल्या घरात धड्यांचे व्हिडिओ : छोटा वेब सर्व्हर आणि आपला राउटर



बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. सकाळची लोकल पकडणारे आई किंवा बाबा घरातून निघतात तेव्हा मुलं बरेचदा अंथरुणातच असतात. घरातला बरा चालणारा फोन त्यांच्या खिशातून निघून जातो. शाळेच्या ग्रुपवर आलेला अपूर्णांकांचा व्हिडिओ त्याच फोनमध्ये! तो फोन रात्री आठ-नऊला परत येतो, चार्जिंग दहा टक्के. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचं हे रोजचंच आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही अडचण सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. आता शाळा सुरू आहेत, पण सरावाचे व्हिडिओ, आजारपणात बुडालेला तास, प्रयोगाचं चित्रीकरण हे सगळं अजून फोनवरच येतं.

यावर एक उपाय आहे आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही. धडा एकदा घरात आला की तो घरातच राहायला हवा. एखादा जुना लॅपटॉप किंवा सिमकार्ड नसलेला जुना फोन, सोबत घरातला राउटर, एवढ्यावर हे जमतं. कोणत्याही खोलीतून, कोणत्याही स्क्रीनवर, डेटा न जाळता व्हिडिओ बघता येतो. हे कसं होतं ते आज समजून घेऊ.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

मुलांना विचारून बघा, ‘वायफाय म्हणजे काय?’ दहापैकी नऊ जण सांगतील, ‘इंटरनेट.’ मोठेही तेच सांगतात. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारणीला वाटीभर साखर द्यायला आपण काही स्टेशनवर जात नाही, दारातूनच देतो. राउटरचंही तसंच आहे. घरातल्या एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे काही पाठवायचं असेल तर ते राउटरमधून थेट जातं. बाहेरून येणारी केबलवाल्याची वायर काढून टाकली तरी हा घरातला रस्ता चालूच राहतो. आपण त्याचा वापर करत नाही, कारण घरात द्यायला कोणी बसलेलंच नसतं. सगळे घेणारेच!

तो ‘देणारा’ म्हणजे सर्व्हर. नाव ऐकून मोठ्या एसी खोलीतली कपाटं डोळ्यांसमोर येतात, पण सर्व्हर हे मुळात एक काम आहे. कोणी मागितलं की फाइल द्यायची. हे काम करणारा प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालू असेल ते यंत्र सर्व्हर झालं, मग ते दहा वर्षांपूर्वीचं लॅपटॉप का असेना.

आता हिशोब बघा. बऱ्यापैकी दिसणारा व्हिडिओ सेकंदाला साधारण एक मेगाबिट माहिती घेतो. चाळीस मिनिटांचा तास म्हणजे २४०० सेकंद, म्हणून २४०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे झाले ३०० एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये हा धडा पाचदा पाहिला की पॅक संपला. दादाने एकदा, ताईने एकदा, परीक्षेच्या आदल्या दिवशी परत दोघांनी… प्रत्येक वेळी तेच ३०० एमबी नव्याने बाहेरून येतात. घरात सर्व्हर असेल तर ते एकदाच येतात. आणि शिक्षकांनी पेनड्राइव्हवर दिले असतील तर एकदाही नाही. (हा गुणाकार-भागाकार सातवी-आठवीच्या मुलांना जरूर करायला द्या. बिट आणि बाइट यांतला आठचा फरक त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.)

दूरदर्शन आणि मागेल तेव्हा

जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली होती, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. कल्पना फार चांगली होती, कारण टीव्हीला डेटा लागत नाही. पण प्रक्षेपण म्हणजे लोकलगाडीसारखं असतं. वेळेत पोचलात तर मिळेल. तुमच्या इयत्तेचा भाग सुरू असताना वीज गेली किंवा धाकट्याला सांभाळावं लागलं, तर भाग गेला. शिवाय ‘थांब, परत दाखव’ असं टीव्हीला म्हणता येत नाही.

स्ट्रीमिंगमध्ये मागणी मुलाच्या हातात असते. पूर्ण फाइल उतरेपर्यंत वाट बघायची नाही. जेवढा भाग आला तेवढा दिसू लागतो, पुढचा येत राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधूनच उडी मारता येते. भागाकाराची पायरी कळली नाही, दोन मिनिटं मागे गेलो, परत बघितलं. शिकण्याच्या दृष्टीने मला ही मागे जायची सोय सगळ्यात मोलाची वाटते. वर्गात चौथ्यांदा ‘बाई, परत सांगा ना’ म्हणायला मूल लाजतं, स्क्रीनला लाजत नाही.

ही उडी कशी जमते? ब्राउझर सर्व्हरला म्हणतो, ‘मला अख्खी फाइल नको, अमुक बाइटपासून पुढचं दे.’ ग्रंथालयात जाऊन ‘या पुस्तकाचं पान ४० पासून पुढे द्या’ म्हणण्यासारखं. वेबच्या भाषेत याला रेंज म्हणतात. सर्व्हरला ते समजलं तर तो २०६ हा आकडा पाठवतो, अर्थ ‘अर्धवट भाग देतोय.’ समजलं नाही तर २०० पाठवून पहिल्या पानापासून अख्खं पुस्तक वाचायला सुरुवात करतो.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. इंटरनेटवर ‘एका ओळीत सर्व्हर सुरू करा’ अशा सूचना भरपूर मिळतात आणि त्यात बहुतेक वेळा पायथॉनसोबत येणारा छोटा सर्व्हर सुचवलेला असतो. फाइली द्यायला तो छान आहे, पण त्याला रेंज कळत नाही. व्हिडिओ सुरू होतो, मुलगा पट्टी पुढे ओढतो आणि काहीच होत नाही. आयफोनवर तर अशा सर्व्हरचा व्हिडिओ चालतच नाही. दोष व्हिडिओचा नसतो, वायफायचाही नसतो. म्हणून रेंज समजणारा हलका सर्व्हर घ्यायचा.

असे दोन नावाजलेले आहेत. लाइटटीपीडी हा जर्मनीच्या यान क्नेश्के यांनी २००३ मध्ये लिहिला. सुरुवातीच्या काळात यूट्यूबही आपले व्हिडिओ द्यायला तोच वापरायचं. दुसरा एनजिन्क्स, उच्चार ‘इंजिन एक्स’. रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनी तो २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. एका साध्या यंत्राने एकाच वेळी हजारो जणांना कसं सांभाळायचं, या प्रश्नातून दोघांचा जन्म झाला. आपल्या घरी पाच जण असणार, म्हणजे त्याला घामही फुटणार नाही. दोन्ही मोफत आहेत.

प्रत्यक्ष मांडणी

विंडोज लॅपटॉपवर इंजिन एक्स सोपा पडतो. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून झिप फाइल उतरवायची. ती एखाद्या फोटोएवढीच असते. झिप उघडून फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवायचं. इन्स्टॉल वगैरे काही नाही. आत ‘एचटीएमएल’ नावाचं फोल्डर दिसेल, आपले व्हिडिओ त्यात टाकायचे. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा, म्हणजे पत्ता टाइप करताना त्रास होत नाही. मग इंजिन एक्सच्या फाइलवर डबल क्लिक. एक काळी खिडकी क्षणभर चमकून जाते आणि काहीच झालं नाही असं वाटतं, पण तो मागे चालू झालेला असतो. विंडोज ‘या प्रोग्रॅमला नेटवर्क वापरू द्यायचं का?’ विचारेल. तिथे फक्त खासगी नेटवर्कसाठी हो म्हणा.

आता लॅपटॉपचा घरातला पत्ता हवा. वायफायच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ असं लिहिलेलं असतं, त्यापुढे १९२.१६८.१.५ असा काहीतरी आकडा. हा पत्ता फक्त घरात चालतो. शेजाऱ्याच्या लॅपटॉपचा पत्ताही हाच असू शकतो, कारण त्याचं नेटवर्क वेगळं.

दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता इंग्रजी अंकांत टाइप करायचा. आधी एचटीटीपी, मग अपूर्णविराम आणि दोन तिरक्या रेघा हेही लिहा. नाहीतर काही ब्राउझर आपल्याच मनाने एचटीटीपीएस लावून बघतात आणि पान उघडत नाही म्हणून सांगतात. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन व्हिडिओच्या फाइलचं नाव टाकलं की धडा सुरू!

दर वेळी नाव टाइप करायचा कंटाळा येत असेल तर यादी दाखवायची सोय आहे. ‘कॉन्फ’ फोल्डरमधली इंजिन एक्सची सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. त्यात ‘लोकेशन’ आणि तिरकी रेघ असं लिहिलेल्या महिरपी कंसाच्या आत इंग्रजीत ‘ऑटोइंडेक्स ऑन’ आणि शेवटी अर्धविराम अशी ओळ घाला. एचटीएमएल फोल्डरमधली ‘इंडेक्स’ नावाची आयती फाइल काढून टाका. टास्क मॅनेजरमधून इंजिन एक्स बंद करून परत सुरू केला की सगळ्या धड्यांची यादी दिसते, बोट लावलं की धडा लागतो. दिसायला अगदी साधी पांढरी यादी असते. मला तीच आवडते. बाजूला ‘हेही पहा’ नाही, जाहिरात नाही, धडा संपल्यावर आपोआप सुरू होणारं कार्टून नाही. अपूर्णांक संपले की स्क्रीन थांबते.

सर्व्हरच सुरू होत नसेल तर ८० नंबरचं दार दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने अडवलेलं असण्याची शक्यता आहे. त्याच सेटिंगमध्ये ‘लिसन’पुढचे ८० बदलून ८०८० करा आणि ब्राउझरमध्ये पत्त्यानंतर अपूर्णविराम देऊन ८०८० लिहा.

लॅपटॉप नसेल तर जुन्या अँड्रॉइड फोनवर ‘एचटीटीपी सर्व्हर’ असं शोधून एखादं मोफत अ‍ॅप घेता येतं. फोल्डर निवडायचं, सुरू करायचं, ते स्वतःच पत्ता दाखवतं. निवडताना एकच परीक्षा घ्या. दुसऱ्या फोनवर व्हिडिओ लावून पट्टी मध्यावर ओढा. उडी मारली तर अ‍ॅप ठेवायचं, नाहीतर दुसरं बघायचं.

व्हिडिओ आधी हलका करा

फोनने फुल एचडीमध्ये चित्रीकरण केलं तर सेकंदाला साधारण १७ मेगाबिट खर्च होतात. चाळीस मिनिटांचा तास पाच जीबीच्या वर जातो. घरातल्या वायफायलाही हे जड होतं. फळ्यावरचा तास असेल तर चित्रात फारसं काही हलत नाही, त्यामुळे तो खूप दाबता येतो. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात ४८० रेषांचा तयार पर्याय निवडला की फळ्यावरची अक्षरं नीट दिसतात आणि फाइल तीनशे एमबीच्या आसपास किंवा त्याहून लहान होते. अट एवढीच की फळ्यावर अक्षर मोठं काढलेलं असावं.

तिथेच ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ अशी एक चौकट असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका. एमपी४ फाइलला पुस्तकासारखी अनुक्रमणिका असते. चित्रीकरण संपल्याशिवाय ती तयार होत नाही, म्हणून फोन ती बहुतेकदा फाइलच्या शेवटी लिहितो. ब्राउझरला आधी अनुक्रमणिका लागते. त्या खुणेमुळे ती उचलून सुरुवातीला आणली जाते आणि धडा पटकन लागतो. नव्या फोनमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ नावाची चित्रीकरणाची पद्धत असते. तिच्या फाइली जुन्या टीव्हीवर आणि जुन्या फोनवर बरेचदा चालत नाहीत, फक्त आवाज येतो किंवा काळा पडदा दिसतो. हँडब्रेकमधून एच २६४ मध्ये काढलेली फाइल जवळपास सगळीकडे चालते.

भिंती, शेजारी आणि वीज

आपल्याकडे इमारती एकमेकींना खेटून आहेत. उल्हासनगरच्या जुन्या बरॅकींत तर भिंतीला भिंत. वायफायचं चिन्ह उघडलं की शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं दिसतात. हे सगळे एकाच हवेत बोलत असतात. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यामुळे राउटरच्या खोक्यावर ३०० छापलेलं असलं तरी हातात खरे वीस-तीस मेगाबिटच पडतात असं समजून चाला.

यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सर्व्हरही वायफायवर आणि बघणाराही वायफायवर असेल, तर तोच व्हिडिओ हवेतून दोनदा जातो. आधी सर्व्हरकडून राउटरकडे, मग राउटरकडून बघणाऱ्याकडे. हवा तेवढीच, काम दुप्पट. म्हणून सर्व्हरचा लॅपटॉप शक्यतो लॅनच्या वायरने राउटरला जोडा. तीन-चार मीटरची ती वायर महागडा राउटर घेण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पत्ता बरोबर टाकला आणि तरीही पान उघडत नसेल, तर दोन गोष्टी तपासा. एक, फोन ‘गेस्ट’ वायफायवर आहे का? गेस्ट वायफाय पाहुण्याला इंटरनेट देतं, पण घरातल्या दुसऱ्या यंत्रांशी बोलू देत नाही. दोन, पत्ता बदलला आहे का? राउटर बंद-चालू झाला की लॅपटॉपला नवा आकडा मिळू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो आकडा लॅपटॉपसाठी राखून ठेवता येतो. आणि हो, लॅपटॉप झोपी गेला की सर्व्हरही झोपतो, झाकण मिटवायचं नाही.

वीज गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर मरतो. राउटरला बहुधा १२ व्होल्ट लागतात, त्यासाठीचे छोटे यूपीएस बाजारात मिळतात. तेही नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, मोबाइल डेटा बंद ठेवून. बहुतेक अँड्रॉइड फोनवर हे चालतं. मात्र जोडलेले फोन कुरकुरतील, ‘या वायफायवर इंटरनेट नाही, जोडून राहायचं का?’ तिथे हो म्हणायचं. नाही म्हटलं किंवा दुर्लक्ष केलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि धड्याचं पान गायब होतं.

इंटरनेट नसलेल्या वर्गासाठी

शिक्षकांसाठी हा भाग महत्त्वाचा. कोणाच्या तरी घरी जुना राउटर पडलेला असतो. तो वर्गात लावा, बाहेरची वायर जोडूच नका. लॅपटॉप त्याला जोडा. झालं वर्गाचं नेटवर्क. महिन्याचं बिल नाही, मुलं भलतीकडे जायची भीती नाही. अंबरनाथ तालुक्यातल्या आतल्या गावांत जिथे रेंज दोन काड्यांवर अडकते, तिथेही हे चालेल, कारण रेंजची गरजच नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड सरांच्या पुढाकाराने डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली. साधनं शाळेच्या आवाक्यात आणता येतात हे तेव्हाच दिसलं होतं.

जगातही ही वाट मळलेली आहे. २०१२ मध्ये ‘के ए लाइट’ आलं, खान अकादमीचे व्हिडिओ इंटरनेटशिवाय एका यंत्रावरून वर्गाला दाखवणारं. त्याच मंडळींचं पुढचं काम म्हणजे कोलिब्री. ते मोफत आहे, त्याचा चेहरा मराठीतही करता येतो, आणि कोणत्या मुलाने कुठपर्यंत बघितलं हेही ते टिपून ठेवतं. एक-दोन विषयांचे पन्नासेक व्हिडिओ असतील तर इंजिन एक्स पुरेसा आहे. पूर्ण शाळेसाठी करायचं असेल तर कोलिब्री बघा.

व्हिडिओ कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. सगळ्यात चांगले स्वतःच्या शाळेच्या बाईंनी-सरांनी केलेले. मूल आवाज ओळखतं. दीक्षा अ‍ॅपवर धड्यासोबत त्याचा परवाना लिहिलेला असतो, तो वाचून घ्या. मात्र तिथला धडा उतरवला तरी अ‍ॅपच्या आतच राहतो. यूट्यूबच्या अ‍ॅपमधलं ‘डाउनलोड’ही त्या अ‍ॅपपुरतंच असतं. तिसऱ्याच कुठल्या अ‍ॅपने व्हिडिओ ओढून काढणं नियमात बसत नाही. ज्याने बनवलं त्याला विचारा, शिक्षक सहसा आनंदाने फाइल देतात.

सुरक्षेचं थोडक्यात. एचटीएमएल फोल्डरमध्ये जे ठेवाल ते वायफायवर असलेल्या प्रत्येकाला दिसतं. तिथे आधार कार्ड, मुलांचे फोटो, गुणपत्रकं ठेवू नका. आणि ‘ऑफिसमधूनही बघता येईल’ असं म्हणून कोणी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग सुरू करून देत असेल, तर नको म्हणा. त्याने घराचं दार सगळ्या जगाला उघडतं.

आता एक प्रामाणिक मत. घरात एकच मूल आहे आणि टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो, तर हा सगळा खटाटोप करू नका. पेनड्राइव्ह लावा आणि बघा. सर्व्हर कामाला येतो तो दोन-तीन मुलं, दोन-तीन स्क्रीन आणि दर आठवड्याला बदलणारे धडे असतील तेव्हा. किंवा शेजारपाजारची चार मुलं एका घरी अभ्यासाला जमत असतील तेव्हा.

आठवी ते दहावीच्या मुलांना मात्र हे पेनड्राइव्ह असला तरी करून बघू द्या. इंजिन एक्सच्या ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये ‘अ‍ॅक्सेस’ नावाची फाइल असते. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाइल मागितली हे तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. एकाला व्हिडिओ बघायला सांगा आणि पट्टी पुढे-मागे ओढू द्या. मग सगळ्यांनी मिळून ती फाइल उघडा आणि २०६ चे आकडे शोधा. प्रत्येक उडीची नोंद तिथे सापडेल.